दोन सुरांवर चालणारी मोटर

सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या शिवारात विहिरीवरच्या पेटीत हल्ली एक छोटा डबा दिसतो. लोक त्याला मोबाईल स्टार्टर म्हणतात. थ्री फेज लाईट रात्री दोनला आली तरी शेतकरी घरूनच फोन लावतो, डबा फोन उचलतो, कळ दाबली की मोटर सुरू. अंधारात, इंचू-काट्यातून बांधावर जाणं वाचतं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने अशी सोय शेतापर्यंत आणली आणि २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत ती गौरवली गेली. मी हिंगोलीत हे स्टार्टर बसवतो, उघडतो, दुरुस्त करतो. डबा कळ ओळखतो कशी, हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फोनवर ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ असे दोन सूर एकदम तयार होतात. पहिला कळीच्या आडव्या ओळीचा, दुसरा उभ्या ओळीचा. आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२, ९४१. उभ्यांना १२०९, १३३६, १४७७. अमेरिकेत बेलच्या फोनवर १९६३ साली हे सूर आले. आकडे मुद्दाम असे आडनिडे निवडले, की कोणताही सूर दुसऱ्याच्या पटीत येऊ नये. शिट्टीने एक सूर कुणीही काढेल. ठरलेले दोन सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने काढणं गळ्याला सहसा जमत नाही.

ऐकणारी बाजू पूर्वी एमटी ८८७० नावाची चिप सांभाळायची. पॉलिटेक्निकमधल्या मुलांच्या प्रकल्पांत ती हमखास असे. आता हे काम गणितावर चालतं. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि त्यातले २०५ झाले, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग उलटला, की ठरलेल्या सुरांवरच किती ऊर्जा आहे ते मोजायचं. बाकीच्या आवाजाकडे बघायचंच नाही. गेर्ट्झेल यांनी १९५८ साली मांडलेली ही रीत इतकी हलकी आहे की अगदी साधा मायक्रोकंट्रोलरही ती पेलतो.

पण सूर ओळखणं हा सोपा भाग. जे सूर नाहीत त्यांना नाकारणं, खरी कारागिरी तिथे आहे. दीड टक्क्यापर्यंत सरकलेला सूर मान्य करायचा, साडेतीन टक्के सरकला तर सोडून द्यायचा. चाळीस मिलिसेकंद टिकला तर खरा, तेवीसच्या आत विरला तर खडखड. दोन सुरांपैकी एक फारच दबका असेल तरी नाही म्हणायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ७७० च्या दुपटीवर, १५४० लाही जोर दिसला तर समजायचं, कुणीतरी बोलतंय. माणसाच्या आवाजात मूळ सुराच्या पटीतले सूर आपोआप येतात, कळीच्या आवाजात येत नाहीत. ही तपासणी वगळलेला एक स्वस्त डबा माझ्याकडे आला होता. फोन चालू ठेवून घरात बोलणं सुरू झालं, की तिकडे मोटर मधेच बंद पडायची. उन्हाळ्यात हळदीला पाणी देताना असं होणं परवडत नाही.

या डब्याचा पूर्वज म्हणजे व्हॉइस मोडेम. फोन आला की तो संगणकाला ‘रिंग’ असा शब्द पाठवायचा. संगणकाने ‘एटीए’ म्हटलं की फोन उचलायचा. त्यात एक युक्ती मला फार आवडते. आवाज आणि कळा एकाच तारेतून संगणकाकडे जात. कळ आली की मोडेम आधी १६ क्रमांकाचं खूणचिन्ह पाठवी, मागोमाग आकडा. आवाजातच १६ आला तर तो दोनदा पाठवी, म्हणजे गफलत नाही. समोरच्याने फोन ठेवला हे मात्र त्याला ऐकूनच ठरवावं लागे : आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा एंगेज टोन, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. मोबाईलवर ते नेटवर्कच कळवतं. आजच्या डब्यातलं मॉड्यूलही ‘रिंग’ आणि ‘एटीए’ हीच भाषा बोलतं.

मोबाईलवर ५ दाबलं तर तुमच्या हँडसेटमधून सूर जात नाही, निरोप जातो. सूर तयार होतो नेटवर्कच्या एक्स्चेंजमध्ये. मग तो बोलण्यासाठी घडवलेल्या कॉम्प्रेशनमधून डब्यापर्यंत येतो आणि रेंज कमी असेल तर तुटतो. औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात मी अँटेना पेटीबाहेर, उंचावर लावतो ती यासाठीच.

डबा बोलत असताना कळ दाबली तर त्याच्या स्वतःच्या आवाजाचा पडसाद त्यालाच ऐकू येतो आणि सूर त्यात हरवतो. म्हणून सूचना छोट्या असाव्यात, मधे थांबा असावा. ‘चालू करायला एक दाबा’ एवढं पुरे. कंपनीचं नाव आणि नमस्कार कशाला?

नवा स्टार्टर घेणाऱ्यांना एक सांगतो. जुने डबे टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे ते सिम त्यात चालत नाही. फोरजीचं मॉड्यूल असलेलाच डबा घ्या, दुकानातच त्याला फोन उचलायला लावा, मागे कुणालातरी मोठ्याने बोलायला सांगा आणि मग कळ दाबून बघा.