फोनची चौकट आणि मांडवाच्या तारा

२०२३ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. बेदाण्याचे शेवटचे बॉक्स तासगावच्या सौद्यात विकले गेले होते आणि धाकट्या भावाच्या घरी चार पैसे आले होते. अशा वेळी शेतकऱ्याच्या घरात जे होते तेच तिथेही झाले. पैसा एक आणि वाटा चार.

रात्री भावाचा फोन आला. "दादा, रविवारी ये. तुझ्या पुतण्याच्या डोक्यात काय शिरलंय ते तूच बघ. एक लाख पस्तीस हजाराचा फोन घ्यायचा म्हणतोय. का, तर म्हणे त्याची चौकट टायटॅनियमची हाय. तू शेतकी शिकलास, सायन्स शिकलास. चौकटीनं काय फरक पडतो, ते एकदा सांगून जा."

मी पडलो कृषी खात्यातला माणूस. माती, खत, औषध यांची विचारणा रोज होते. फोनच्या चौकटीची कुणी केली नव्हती. तरी रविवारी सकाळी गावाकडे गेलो.

सोप्यात दोघे दोन टोकांना बसले होते. वहिनींनी चहा आणला, पण कुणी कपाला हात लावेना. पुतण्या सव्वीस वर्षांचा. बागेची छाटणी, औषधांचे वेळापत्रक, मजुरांचा हिशेब सगळे तोच पाहतो. त्याचे म्हणणे, "काका, वर्षभर मी राबतो. एक वस्तू चांगली मागितली तर काय बिघडलं?" भावाचे म्हणणे, "विहिरीकडच्या पाऊण एकरातल्या तारा गंजल्यात. त्या आधी बदलू. मांडव पडला म्हंजे फोन लावून उभा करणार हाईस का?"

मांडवाचे नाव निघाले की आमच्या घरात सगळे गप्प होतात. काही वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाली म्हणून हलक्या मुलाम्याची तार भावाने घेतली होती. दिसायला तीही चकचकीत होती. चौथ्या वर्षी तिच्यावरचे जस्त गेले, तांब चढली, आणि माल काढणीला आलेला असताना एका वादळी पावसात मांडव घडांसकट खाली बसला. त्या दिवशी भाऊ बांधावर बसून रडला. ते पुतण्यानेही पाहिले होते. म्हणून वस्तू कशाची केली आहे हा प्रश्न आमच्या घरात थट्टेचा नाही.

मी म्हटले, "उद्या सांगलीला जाऊ. दोन्ही फोन हातात घेऊन बघू. मग बोलू."

मंडळी, आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती होती. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तोच नांगर घरोघर गेला. लाकूड की लोखंड हा वाद बाजारात मिटला नाही, तो तासात मिटला. नांगर खोल गेला आणि टिकला, तेव्हा लोकांनी मानला.

बोर्डो मिश्रणाचेही तसेच. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, हे मी तीस वर्षे सांगत आलो. प्लास्टिकचे पिंप घ्या म्हणतो. मिश्रण जमले की नाही ते पाहायला त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. तिथे भांडे कशाचे यावर सगळे अवलंबून असते. पण पिकलेले मिश्रण ढवळायची काठी बांबूची की निलगिरीची, याने काही बिघडत नाही. वस्तू कशाची, याला महत्त्व असते. पण कोणत्या कामासाठी, हे आधी विचारावे लागते.

सांगलीच्या दुकानात पोरग्याने तीन फोन समोर ठेवले. सगळे ॲपल कंपनीचे. एक आधल्या वर्षीचा, आयफोन १४ प्रो, त्याची चौकट स्टेनलेस स्टीलची. दुसरा त्या सप्टेंबरात आलेला १५ प्रो, टायटॅनियमचा, किंमत १,३४,९०० रुपये. तिसरा साधा १५, ॲल्युमिनियमचा, किंमत ७९,९०० रुपये. मी तिन्ही हातात घेऊन पाहिले. स्टीलचा जड लागला. त्याचे वजन २०६ ग्रॅम, टायटॅनियमचा १८७ ग्रॅम. दिवसभर खिशात वागवायचा तर हा फरक हाताला कळतो, हे मी तिथेच कबूल केले. पण साधा ॲल्युमिनियमचा त्याहून हलका निघाला, १७१ ग्रॅम. आतले सामान थोडे वेगळे असते, कॅमेरेही कमी असतात, म्हणून सगळे श्रेय चौकटीला देता येत नाही. तरी तराजू काय सांगतो ते पुतण्याने पाहिले.

धातूंचा हिशेब असा आहे. पाण्याच्या मानाने ॲल्युमिनियम पावणेतीन पट जड, टायटॅनियम साडेचार पट, स्टील जवळजवळ आठ पट. टायटॅनियमचा गुण हा की वजनाच्या मानाने ते फार बळकट, आणि घामाने वा खाऱ्या हवेने गंजत नाही. म्हणून विमानात वापरतात, मोडलेल्या हाडात बसवायच्या सळ्याही त्याच्या करतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यातल्या इल्मेनाइट खनिजात हे असते. म्हणजे मूळ वस्तू दुर्मिळ नाही. वाळूतून धातू काढणे आणि मग त्याला आकार देणे अवघड, म्हणून ते महाग.

पण त्या फोनात टायटॅनियम किती? सगळी चौकट त्याची नव्हती. बाहेरून टायटॅनियमचा पट्टा आणि आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, दोन्ही एकजीव केलेले. हे कंपनीनेच सांगितलेले आहे. पुतण्याला हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "म्हंजे आत तेच हाय व्हय?"

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्या घरातल्या बायांना हे पुस्तकाशिवाय कळते. जर्मलच्या पातेल्यात उष्णता सगळीकडे सारखी पसरते, आणि स्टीलच्या पातेल्यात जाळ लागतो तिथेच खाली लागते. ॲल्युमिनियम उष्णता झटकन वाहून नेते. स्टील फार कमी नेते आणि ही टायटॅनियमची मिश्रधातू त्याहूनही कमी. त्या वर्षी नवे फोन तापतात अशी तक्रार आली, तेव्हा लोकांनी टायटॅनियमला दोष दिला. कंपनीने दोष आज्ञावलीत असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दुरुस्त केली. तेव्हा तापण्याचे खापरही एकट्या चौकटीवर फोडता येत नाही. फोन वापरताना हवा ३५ अंशांपर्यंत असावी असे कंपनी सांगते. आपल्याकडे एप्रिलात बागेत उभे राहिले की पारा त्यापुढे असतो. तिथे फोनला सावलीत ठेवणे हाच उपाय, चौकट कशाचीही असो.

तिसरी गोष्ट पडण्याची. फोन खिशातून निसटतो तो मोटरसायकलवरून नाहीतर ट्रॅक्टरवरून. ॲल्युमिनियमच्या कोपऱ्याला खळी लवकर पडते, टायटॅनियमला कमी. पण पुढे काच, मागे काच. ती दोन्ही फोनांत काचच. दुकानदाराला काच बदलायचा खर्च विचारला, तो ऐकून पुतण्याने कपाळावर हात मारला.

म्हणजे चौकटीला काहीच अर्थ नाही का? तसेही नाही. २०१४ साली आयफोन ६ मागच्या खिशात ठेवून बसले की वाकतो अशा तक्रारी आल्या. पुढल्या वर्षीच्या ६ एस मध्ये कंपनीने जास्त बळकट जातीचे ॲल्युमिनियम वापरले. नाव तेच, ॲल्युमिनियम, पण प्रत निराळी. आपला लोहार फाळाला पाणी देतो तसे. लोखंड तेच, पण पाणी नीट दिलेला फाळ हंगाम काढतो आणि न दिलेला चार दिवसांत बोथट होतो. २०१० साली आयफोन ४ ला स्टीलची चौकट होती आणि तीच रेंज पकडण्याचे काम करी. विशिष्ट तऱ्हेने हातात धरला की रेंज पडायची. शेवटी कंपनीला फुकट कव्हरे वाटावी लागली. धातू लहरींना आडवा येतो, म्हणून आजही धातूच्या चौकटीत बारीक प्लास्टिकच्या रेघा ठेवतात. तेव्हा चौकट महत्त्वाची, पण तिची घडण महत्त्वाची. नुसत्या धातूच्या नावाने पंचावन्न हजार जास्त मोजावेत एवढी नाही.

हे सगळे ऐकून पुतण्या गप्प झाला. दुकानातून बाहेर पडलो, चहाच्या गाड्यावर थांबलो. मला वाटले होते, पटले असेल. पण तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता ते खरं. पर मला धातूचं काय पडलंय? दोन ठिकाणी मुलगी बघाय गेलो. शेती करतो म्हटलं की पुढचं बोलणंच होत नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं, नोकरी का बघत नाही? म्हटलं, एक वस्तू तरी अशी असावी की टेबलावर ठेवली म्हंजे समोरच्याला कळावं, हा पोरगा अगदीच काही नसलेला नाही."

मी कप खाली ठेवला. खरा प्रश्न हा होता आणि आम्ही दोघे भाऊ भलत्याच गोष्टीवर वाद घालत बसलो होतो.

मला माझीच गोष्ट आठवली. नोकरी लागल्यावर मुलगी पाहायला जाताना मी सोनेरी मुलाम्याचे घड्याळ घेतले होते. आमच्या वडिलांच्या हातात साधे स्टीलचे, चावीचे. ते म्हणाले होते, "मुलामा घामाला टिकत नाही." मला राग आला होता. दोन उन्हाळ्यांत मुलामा उडाला आणि खालचे पितळ काळे पडले. वडिलांचे घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे, चावी दिली की चालते. पण मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी ते सोनेरी घड्याळ हातात होते म्हणून मी जरा ताठ बसलो होतो, हेही खोटे नाही. हे सगळे मी त्याला सांगितले. शेवटचे वाक्यही सांगितले. चार माणसांत ताठ बसता यावे अशी इच्छा धरणे हा काही गुन्हा नव्हे.

मग त्याला एवढेच विचारले, "फोन घेतल्यावर कव्हर घालणार का?"

"घालणारच की. न घालून चालंल व्हय?"

"मग चौकट दिसणार कुणाला?"

तो हसला. त्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला असेल.

त्याने ॲल्युमिनियमचा साधा फोन घेतला, जाड कव्हर घेतले, काचेवर लावायची काच घेतली. तोही फोन स्वस्त नव्हे, आणि भाऊ कुरकुरलाच. मी भावाला बाजूला घेऊन मुलीच्या मामाची गोष्ट सांगितली. त्यावर तो काही बोलला नाही. संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "घेतला ते बरं केलंस. उद्या तारेचं बघाय दोघं जाऊ." उरलेल्या पैशांतून विहिरीकडच्या बागेच्या बहुतेक तारा आल्या. या वेळी जाड मुलाम्याची, शिक्का पाहून, वजन करून घेतली. तार निवडायला पुतण्या पुढे होता.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीचा १७ प्रो आला. एके सकाळी पुतण्याचा फोन. "काका, ऐकलं का? सगळ्यात भारी फोनला परत ॲल्युमिनियम घातलं. म्हणे उष्णता चांगली काढतं." आणि पोटभर हसला. त्याच वेळी कंपनीने एका अगदी पातळ फोनला टायटॅनियमच ठेवले, तेही मी त्याला सांगितले. जिथे पातळ अंगाला बळ हवे तिथे टायटॅनियम, जिथे उष्णता काढायची तिथे ॲल्युमिनियम. बनवणारेसुद्धा कामच पाहतात.

कुणी वाचक असा महागाचा फोन घेणार असतील तर त्यांनी चौकटीचा धातू शेवटी विचारावा. आधी हे विचारावे. हातात धरून जड होतो का? आज्ञावलीच्या सुधारणा किती वर्षे मिळणार? दुरुस्तीचे केंद्र तालुक्याला आहे की पुण्याला? काच आणि बॅटरी बदलायला किती पडतात? पाण्याला टिकतो असे लिहिले असले तरी पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसते का? ती चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, औषधाच्या पंपाखालची नसते. एवढे जमले आणि वर पैसे उरले, तर मग टायटॅनियम खुशाल घ्यावे.

पुतण्याचे लग्न अजून ठरायचे आहे. ते फोनने ठरणार नव्हते आणि तारांनीही नाही. परवा एक स्थळ घरी येऊन गेले. मुलीचे वडील बागेत हिंडले आणि नवा मांडव हाताने ओढून पाहत राहिले. त्यांनी अजून होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.