बारा ओळी, एक तारीख

हॉस्टेलवर आपल्याला एकच ड्यू डेट माहीत असते, सबमिशनची! आणि तीही आदल्या रात्री जागून, कुणाचं तरी जर्नल समोर ठेवून गाठायची. ट्रेनिंगच्या सहा महिन्यांत मात्र एका तारखेनं मला चांगलाच धडा शिकवला.

रहाटणीत आम्ही चौघांनी खोली घेतली होती. सकाळी नाशिक फाट्यावरून कंपनीची बस चाकणला न्यायची. मला मिळालं परचेस डिपार्टमेंट. काम काय, तर सॅपमध्ये ऑर्डरी भरायच्या. पार्ट नंबर, नग, दर आणि डिलिव्हरी डेट. मेकॅनिकलचा विद्यार्थी आणि हे कारकुनी काम! तोंड वाकडं करूनच बसलो. एका ऑर्डरमध्ये बारा ओळी होत्या. पहिलीत तारीख टाकली, बाकी अकरांत तीच कॉपी-पेस्ट. पाच मिनिटांत काम फत्ते!

ऑर्डर भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपची. आठ पार्ट वेळेत आले, चार दोन दिवस उशिरा. त्यांचं रेटिंग उतरलं, दंडाचा हिशोब सुरू झाला. मालक स्वतः चलन घेऊन हजर. माझ्या वडिलांच्या वयाचे.

"साहेब, या चार पार्टना हीट ट्रीटमेंट आहे, ती बाहेरून करून घ्यावी लागते. त्यात तुमची तारीख गुरुवारची. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते हो!"

'मग आधी का नाही सांगितलं?' हा प्रश्न ओठांवर आला होता. विचारला नाही. ऑर्डर परत करणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे दिसतच होतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. माझा ट्रेनिंग रिपोर्टही सरांच्याच हातात. रात्रभर तळमळलो आणि सकाळी सगळं सांगून टाकलं. सर रागावले, मग शेजारी बसवून म्हणाले, "माल कधी हवा तिथून उलटं मोज. तपासणी, वाहतूक, प्रत्येक प्रोसेसचे दिवस वजा कर. सुट्ट्या धर. आणि फोन करून विचार." आणखी एक कळलं. सॅपमध्ये डिलिव्हरी डेट पुढे ढकलली, तरी पुरवठादाराचा उशीर मोजला जातो तो स्टॅटिस्टिकल डिलिव्हरी डेटवरून. तीही दुरुस्त करावी लागते. सरांनी चारही ओळी दुरुस्त केल्या, दंड रद्द झाला.

मालकांना फोन केला. ते हसले. "बरं झालं. आता आमच्या पैशाची तारीख कुठल्या खान्यात भरता, तेही बघा!"

बघितलं. लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. त्यांच्या मागच्या बिलाला ५२ दिवस झाले होते. मी अकाउंट्सला कळवलं. ट्रेनीचा फोन, कुणी मनावर घेतला की नाही, देव जाणे.

असो. आता मात्र तारीख टाकण्याआधी मी फोन लावतो.