मालकी कोणाच्या नावावर

घरच्या कॉम्प्युटरवर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ अशी पाटी आली की ती कायमची बंद करून द्यावी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. राळेगावात आणि वडकीपर्यंतच्या गावांत मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे या मतावर अनेकांची मशीनं चालली. आज मी त्याच्या नेमकं उलट करतो. असं का, हे ज्यांच्या घरी मी काम केलं त्यांना तरी कळायला हवं.

पूर्वीचं मत बिनबुडाचं नव्हतं. आमच्या तालुक्यात कॉम्प्युटर घरात आला तो विंडोज एक्सपीच्या काळात. २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झाली, मुलामुलींनी कोर्स केला आणि कापसाच्या चुकाऱ्यातून कोणी कोणी घरी मशीन आणलं. एक्सपीत पहिलं खातं आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं. बाप, मुलगी, पाहुणा, सगळे त्याच खात्यातून बसायचे आणि कोणाचं काही अडत नसे. २००७ साली विस्टा आलं आणि त्याबरोबर ‘यूजर अकाउंट कंट्रोल’. काहीही करायला जा, पडदा काळवंडायचा आणि ‘परवानगी आहे का’ असा प्रश्न यायचा. लोक वैतागले. २००९ च्या विंडोज सातमध्ये चार टप्प्यांची सरकपट्टी मिळाली; मी ती सरळ तळाला ओढून ठेवायचो. एखादा फोल्डर अडला तर त्याच्या सिक्युरिटीत जाऊन ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकायचो. गिऱ्हाईक खूश, मीही मोकळा.

लोकांचा प्रश्न रास्त असतो. “भाऊ, कॉम्प्युटर माह्या घरचा, पैसे म्या देल्ले, अन् मलेच परवानगी मांगते काहून?” याचं सरळ उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज आहे. ती परवानगी मालकासाठी मागितलेली नसते. मालकाच्या नावाने काम करायला निघालेल्या प्रोग्रॅमसाठी मागितलेली असते. विस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन केलं तरी विंडोज त्याला दोन ओळखी देतं, एक पूर्ण अधिकारांची आणि एक साध्या वापरकर्त्याची. रोजचं सगळं साध्या ओळखीवर चालतं. पूर्ण ओळख बाजूला राखून ठेवलेली असते आणि ‘येस’ दाबल्यावर तेवढ्या एका कामापुरती बाहेर निघते. पडदा काळवंडतो तोही याचसाठी. त्या क्षणी दुसरा कोणताही प्रोग्रॅम त्या खिडकीपर्यंत पोहोचू नये आणि ‘येस’ माणसाच्याच हातून दाबलं जावं, म्हणून विंडोज तो प्रश्न वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवतं. पट्टी तळाला ओढली की पाटी थांबते, पण तिच्याबरोबर ही राखणही निकामी होते. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडली आणि आत भलतंच काही असलं, तर तेही न विचारता पूर्ण अधिकार मिळवू शकतं.

विचार पालटायला सुरुवात झाली ती जुन्या हार्ड डिस्कांमुळे. मशीन जळतं, डिस्क शाबूत राहते, ती काढून नव्या मशीनला जोडायची, असं काम वारंवार येतं. डिस्कवर घरच्या लग्नाचे फोटो, मुलीच्या जात वैधता प्रमाणपत्राचं स्कॅन, बँकेची कागदपत्रं असतात. फोल्डर उघडायला गेलं की नकार. खात्याचं नाव जुन्या मशीनवर होतं तेच, पासवर्डही तोच, तरीही नकार. कारण विंडोज नाव पाहतच नाही. प्रत्येक खात्याला ते ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक देतं आणि एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाईलपाशी मालकाचा तो क्रमांक लिहून ठेवतं. नव्या मशीनवर त्याच नावाचं खातं काढलं तरी क्रमांक नवा. त्यामुळे फाईलच्या मालकाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो जुना आकडा दिसतो. आजोबा गेले, वावर नातू वाहतो, पण सातबारावर अजून आजोबांचंच नाव, अशी ही अवस्था. पेन ड्राइव्हवर असं घडत नाही, कारण त्यावर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धत असते आणि तिथे मालकाची ही नोंद नसते.

यावर करायचं ते इतकंच: त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर बदलून आपलं खातं लावायचं आणि आतल्या फोल्डरांनाही तेच लागू करायचं. म्हणजे मालकी एका ओळखीच्या माणसाच्या नावावर आणायची. मी पूर्वी ‘एव्हरीवन’ लिहायचो तेव्हा ती कोणाच्याच नावावर राहत नव्हती. आणि हे करायचं ते फक्त आपल्या फोल्डरपुरतं. अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेतलेली मशीनं माझ्याकडे येतात. विंडोजच्या स्वतःच्या फाईली विस्टापासून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या सेवेच्या ताब्यात असतात. त्या ओढून घेतल्या की स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट अडतात, आणि शेवटी विंडोज पुन्हा टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पाटी आली म्हणजे परवानगीच कमी पडली, असंही नसतं. हे मला उशिरा उमगलं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कधी फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असते. कधी विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असतं आणि ते अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही. तिथे त्या एका प्रोग्रॅमला मुभा दिली की काम होतं. मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅमांचं दुखणं आणखी वेगळं. ते आपल्या सेटिंगच्या फाईली स्वतःच्याच फोल्डरात, प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहतात. तिथे साध्या ओळखीला लिहायची मनाई असते, म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं. मग वडिलांच्या खात्यातलं सेटिंग मुलीच्या खात्यात दिसत नाही आणि सगळे म्हणतात, फाईल गायब झाली. असा प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरच, पण प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर वेगळ्या फोल्डरात टाकला आणि घरातल्या खात्यांना तेवढ्याच फोल्डरात लिहायची मुभा दिली, की भागतं. त्यासाठी सगळं घर ॲडमिनिस्ट्रेटर करायची गरज नव्हती.

हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी शिकलो. त्यामागचा विचार मात्र विंडोजहून बराच जुना आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. प्रत्येक प्रोग्रॅमने आणि प्रत्येक वापरकर्त्याने आपलं काम होण्यापुरत्याच अधिकारात चालावं, हे तत्त्व त्यात मांडलं आहे. घरच्या मशीनला मोठ्या संस्थांचे नियम कशाला, असं मी म्हणत असे. आता वाटतं, घरालाच ते जास्त हवेत. संस्थेत बिघडलेलं निस्तरायला माणसं नेमलेली असतात. इथे सगळा भार एखाद्या शिकत्या पोरीवर येतो.

माझं मत पुरतं बदललं ते मात्र एका लॅपटॉपपाशी. विंडोज ११ होम सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं. विक्रेत्याने घाईत स्वतःचंच खातं घालून यंत्र चालू करून दिलं होतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की, जे खातं घातलं त्यात जाऊन बसते. पुढे मदरबोर्ड बदलावा लागला आणि पडद्यावर ती की मागितली गेली. विकणारा गाव सोडून गेला होता. बारावीच्या वर्षातल्या मुलीच्या सगळ्या नोट्स त्या डिस्कवर होत्या आणि त्या उघडणं माझ्या हातात नव्हतं. इथे मालकी बदलून काही होत नाही. की नसेल तर डिस्कवर नुसते आकडे आहेत. ती मुलगी काही बोलली नाही, तिच्या आईने मात्र मला विचारलं, “लॅपटॉप आमचा होता ना?”

त्या प्रश्नानंतर मी काम करायची पद्धत बदलली. नवं मशीन लावताना मी माझं खातं कुठेही घालत नाही. घरातलं एक माणूस ॲडमिनिस्ट्रेटर ठरवतो. पासवर्ड ते माणूस स्वतः टाइप करतं, मी तोंड फिरवून बसतो. बाकी सगळ्यांना साधी खाती, आणि त्या ॲडमिनिस्ट्रेटरलाही रोजच्या वापरासाठी एक साधं खातं. सरकपट्टी अगदी वर. रिकव्हरी की असेल तर ती कागदावर उतरवून सातबाराच्या फायलीत ठेवायला लावतो. फोटो आणि कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढायला सांगतो, कारण खंडणी मागणारा व्हायरस साध्या खात्यातूनही त्या खात्याच्या फाईली बंद करून टाकू शकतो. वेगळ्या खात्यांनी हे संकट टळत नाही, फक्त त्याचा पसारा कमी होतो.

ॲडमिनिस्ट्रेटर कोण, यावर घरात कधी कधी वाद होतो. वडिलांना वाटतं, मान आपला. मी स्पष्ट सांगतो: जो पाटी वाचतो आणि न कळल्यास ‘नो’ दाबून विचारायला येतो, त्याच्याकडे द्या. बऱ्याच घरांत ती मुलगी असते किंवा सून असते. काही काकांना हे रुचत नाही आणि ते दुसऱ्याकडून पट्टी खाली ओढून घेतात. त्यांचं मशीन, त्यांचा अधिकार. पण माझ्याकडे आले तर मी ती ओढून देणार नाही. वेगळी खाती लावायला जास्तीचा वेळ लागतो. त्याचे मी पैसे घेत नाही.