पडदा आतून पाहिला नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवताना एकाच रुग्णाच्या नाकाबाबत माझं दोनदा चुकलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं: कूर्चा कशाची बनते, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

माझी भिस्त हाताच्या कौशल्यावर होती. पुण्यात एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून कावसजी या गाडीवानाचं नाक घडवलं आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. हा वारसा मी अभिमानाने सांगत असे. कूर्चेचं रसायन मात्र मी पुस्तकातच ठेवलं.

नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेत वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं. टाइप टू कोलॅजनच्या तंतूंच्या जाळ्यात अ‍ॅग्रिकॅनचे मोठे रेणू अडकलेले असतात. त्यांच्यावरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचा ऋणभार पाणी ओढून धरतो. पाणी फुगू पाहतं, तंतू आवळून धरतात आणि त्या ताणावर पडदा ताठ राहतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पेशींना पोषण मिळतं ते दोन्ही बाजूंच्या आवरणातून झिरपून.

एक लहान मुलगा जिन्यावरून पडून आला. एक्स-रेत हाड शाबूत होतं. “काका, नाकातून श्वासच येत नाही,” तो म्हणाला. सूज आहे, उतरेल, असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. आत दिवा धरून पडदा पाहिला नाही. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठलं होतं. पोषण तुटलेली कूर्चा तीन-चार दिवसांत मरू लागते. तो तापाने फणफणत परत आला तेव्हा तिथे पू झाला होता. पुढे नाक मधोमध खचलं. त्याच्या आईला मी “इन्फेक्शन झालं” एवढंच सांगितलं. हे लपवणं अज्ञानातून आलेलं नव्हतं; ते भीतीपोटी होतं.

तो मोठा झाल्यावर बरगडीची कूर्चा घालून मी नाक उभं केलं. पट्टी एकाच बाजूने तासली. काही महिन्यांत नाक वाकडं झालं. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं की एका बाजूचा ताण सुटला की कूर्चा न कापलेल्या बाजूकडे वळते. म्हणून ती दोन्हीकडून सारखी तासावी लागते.

तेव्हा मी त्या मुलाला आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं. “हे तेव्हाच सांगायला हवं होतंत,” आई म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. पुढची शस्त्रक्रिया त्यांनी दुसऱ्या सर्जनकडून करून घेतली.

आता तासलेली पट्टी मी आधी सलाइनमध्ये ठेवतो आणि ती वळते का हे पाहूनच बसवतो. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मार लागून मुलाचं नाक चोंदलं, तर एक्स-रेवर विसंबू नका, कूर्चेची इजा त्यात दिसत नाही. त्याच दिवशी पडदा आतून, दोन्ही बाजूंनी तपासून घ्या. साठलेलं रक्त वेळेत काढलं तर कूर्चा वाचू शकते.