वरंधा घाटांत गीअरचा दांडा

भोरकडून वरंधा घाटानें महाडास उतरणारा रस्ता ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याचें कौतुक सांगावयास नकोच. पुणें-सातारा रस्ता कापूरहोळास सोडला, कीं भोरपर्यंत शेतांतून आणि लहान लहान वस्त्यांतून जावें लागतें. १९२८ सालीं पुरें झालेलें भाटघरचें धरण या वाटेपासून दूर नाहीं. नीरेनें हारासारखें घेतलेलें वळणही भोरच्या अलीकडेच लागतें. भोर हें पंतसचिवांचें गांव. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, पण राजवाडा आपल्या जागीं उभा आहे. पुढें वस्ती विरळ होत जाते, नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेनें रस्ता हिर्डोशीकडे वळतो, आणि मग सह्याद्रीची धार एकदम अंगावर येते. पावसाळ्यांत दरडींमुळें हा घाट वारंवार बंद ठेवावा लागतो. म्हणून आम्ही २०२४ च्या पौषांत निघालों.

निघण्याचें कारण आमच्या आत्याबाई. वय ब्याऐंशी. दासबोधाचीं पारायणें किती झालीं याची मोजदाद त्यांनीं ठेवलेली नाहीं. परंतु ज्या घळींत समर्थांनीं तो ग्रंथ सांगितला असें मानतात, ती शिवथरघळ मात्र त्यांनीं पाहिलेली नव्हती. "पाय चालताहेत तोंवर घळींत बसून एक समास वाचायचा आहे रे," असें त्या चार वर्षें म्हणत होत्या, आणि आम्ही चार वर्षें "पुढच्या वर्षीं" म्हणत होतों. दासनवमीस तेथें गर्दी होते, म्हणून त्यापूर्वींच जावें असें ठरलें. आम्ही, सौ., आत्याबाई व चिरंजीव असे चौघे होतों.

गाडी म्हणजे चिरंजीवांच्या हट्टानें घेतलेली जीप. तीस दोन दांडे आहेत. एकानें गीअर पडतात, दुसऱ्यानें पुढच्या चाकांसही जोर मिळतो. दिवाळीच्या सुटींत चिरंजीवांनीं मित्रमंडळींसह ती ओढ्यांच्या पात्रांतून, चिखलांतून मनसोक्त हिंडविली. त्यानंतर पंधरवड्यानें गीअरचा दांडा जड लागूं लागला. पुण्यांतील एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनीं दांडा दोनदां हलविला, मान हलविली, आणि गीअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल, आंतल्या पितळी कड्या गेल्या असतील, चाळीस हजारांची तयारी ठेवा, असें सांगितलें. तूर्त म्हणून गीअरचें तेल बदलून दिलें. उतार पडला नाहीं. आत्याबाईंच्या मोतीबिंदूसाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांतून ती रक्कम उचलावी कीं काय, हा विचार आमच्या मनांत येऊन गेला होता. आज तो लिहितांना संकोच वाटतो.

हिर्डोशी मागें पडली आणि चढ लागला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावें तर गीअर पडेना. आम्हीं क्लच दाबला, दांडा ओढला. तो भिंतींत रोंवल्यासारखा. दोन्ही हातांनीं ओढतांना गाडी कड्याकडे झुकली आणि सौ.नें हात धरला. शेवटीं खर्र आवाज करून दुसरा पडला. घाट चढण्यास जोर मिळावा, म्हणून चिरंजीवांनीं मध्यें एकदां थांबलों असतां दुसरा दांडाही ओढून ठेवला. हा पराक्रम आम्हांस पुढें भोंवला.

वाघजाईच्या देवळाशीं आलों तेव्हां चार वाजले होते. घाटमाथ्याची ही जागा मोठी रमणीय. रस्त्यानें कावळ्या किल्ल्याच्या डोंगराचे दोन तुकडे केले आहेत. खालीं शिवथरचें खोरें पसरलेलें. माकडांचा सुकाळ, आणि ओळीनें भज्यांचीं दुकानें. पण आम्हांस त्या दरींत रमणीयता कांहीं दिसेना. घाटाचा उतार खालच्या गीअरांत उतरावयाचा असतो. इंजिनच गाडीला आवरून धरतें, आणि ब्रेक तापत नाहींत. गीअरच पडत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्यें सोडून केवळ ब्रेकवर उतरणें, म्हणजे दोर नसतां विहिरींत उतरणें. परत फिरावें असें आम्ही म्हणालों. आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. पदरानें चष्मा पुसत खोऱ्याकडे पाहात राहिल्या.

आमची कुरकूर भजीवाल्याच्या थोरल्या भावाच्या कानावर गेली. गृहस्थ एस. टी.च्या आगारांतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीं हात पुसले आणि पहिलाच प्रश्न असा केला, "साहेब, दांडा सकाळीं थंडींत जड असतो आणि गाडी तापली कीं सुटतो, कीं उलट?"

उलटच होतें. सकाळीं ठीक, वापरतां वापरतां जड.

"मग तेल घट्ट आहे, ही शंका गेली."

दुसरें त्यांनीं पाहिलें, तें क्लचच्या पेडलाखालचें पायपुसणें. आम्हांस हसूं आलें. पण सरकून दुमडलेल्या पायपुसण्यामुळें पेडल तळापर्यंत जात नाहीं आणि मालक गीअरबॉक्स खोलून बसतात, असे प्रकार त्यांनीं पाहिलेले होते. आमचें तें जागच्या जागीं होतें. मग त्यांनीं इंजिन बंद करावयास सांगितलें. "आतां गीअर टाका." पहिला पडला, दुसरा पडला, पांचही पडले, मागचाही पडला, लोण्यांतून सुरी जावी तसे. आम्ही थक्क. "दांडा, त्याचे बुश, आंतल्या पट्ट्या अडकलेल्या असत्या, तर इंजिन बंद असलें तरी अडल्या असत्या. यांत गीअरबॉक्सचा गुन्हा दिसत नाहीं."

हा एक मिनिटाचा प्रयोग चाळीस हजारांचा हिशेब मांडण्यापूर्वीं करतां आला असता. आम्हांसही, आणि त्या कारखान्यांतील गृहस्थांसही.

पुढें इंजिन चालू करून सपाट जागीं त्यांनीं क्लच पुरा दाबला, पांच-सात क्षण थांबले, आणि मागचा गीअर घातला. दांत दांतावर घासल्याचा आवाज झाला. बहुतेक गाड्यांत मागच्या गीअरास वेग जुळवून देणारी कडी नसते. म्हणून क्लच दाबूनही आंतला दंड फिरत राहिला, तर चहाडी हाच गीअर आधीं करतो. नंतर पहिला गीअर खटपटीनें घालून त्यांनीं क्लच दाबूनच धरला, तरी गाडी मुंगीच्या पावलानें पुढें सरकूं लागली. क्लचचें काम इंजिन आणि गीअरबॉक्स यांची क्षणभर फारकत करण्याचें. येथें ती अर्धवट होत होती. फिरत्या चाकाच्या दांतांत आपण दुसरे दांत बळानें घुसवीत होतों, आणि दोष दांड्याच्या कपाळीं.

जुन्या जीपगाड्या चालविलेल्यांना ही गोष्ट अधिक लवकर उमगते. १९४१ पासूनच्या लष्करी विलीज जीपच्या गीअरबॉक्सांत तीनच पुढचे गीअर, आणि पहिल्यास वेग जुळविणारी कडी नव्हती. चालत्या गाडींत तो पाडावयाचा तर न्यूट्रलमध्यें क्लच सोडून, इंजिनास किंचित् वेग देऊन, पुन्हा क्लच दाबावा लागे. आतांच्या गाडींत हें कांहीं करावें लागत नाहीं. म्हणून बिघाड झाला, कीं आपण दांड्याशींच कुस्ती खेळतों.

"आतां पेडल चार-पांचदां भराभर मारा," ते म्हणाले. आम्हीं मारलें, आणि गीअर निमूटपणें पडला! या एका खुणेनें निकाल लागला. क्लच प्लेट चिकटलेली असती, किंवा आंतलें लहान बेअरिंग जाम झालेलें असतें, तर पेडल मारून फरक पडला नसता. पायाचा दाब क्लचपर्यंत ब्रेक ऑइलमार्फत पोंचतो. ऑइल कमी झालें आणि नळींत हवा शिरली, कीं दाब हवाच खाऊन टाकते. भराभर मारल्यानें तेवढ्यापुरता तो साठतो.

टोपण उघडलें. आमच्या गाडींत ब्रेक व क्लच यांचें ऑइल एकाच भांड्यांतून जातें. क्लचकडे जाणारें तोंड वर, ब्रेकचें खालीं. म्हणून ऑइल घटलें तर आधीं क्लच उपाशी राहातो. ऑइल त्या वरच्या तोंडाच्या खालीं गेलेलें होतें. तें पाहून फिटरांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. त्यांनीं दुसरें सर्व सोडून ब्रेकचें पेडल तीनदां दाबून, धरून पाहिलें. तें घट्ट होतें. "ब्रेक शाबूत आहेत. पण हें असेंच आणखी महिनाभर चाललें असतें, साहेब, तर गीअरबद्दल बोलायची पाळी राहिली नसती." सौ.नें आत्याबाईंकडे पाहिलें. आम्ही कोणाकडेच पाहिलें नाहीं.

गाडीखालीं निजून त्यांनीं गळतीही दाखविली. गीअरबॉक्सच्या बाजूस, क्लच ढकलणाऱ्या लहान सिलिंडरावरील रबरी टोपी फाटलेली; आंत दिवाळीचा चिखल वाळून बसलेला, आणि भोंवतीं ओलावा. चिखलाच्या कणांनीं आंतली रबरी कडी घासली गेली होती. चिरंजीव हें सर्व मुकाट्यानें पाहात होते.

एका टेंपोवाल्याकडे ब्रेक ऑइलची न फोडलेली बाटली मिळाली. गाडीच्या टोपणावरचा प्रकार आणि बाटलीवरचा प्रकार एकच आहे, हें फिटरांनीं वाचून पाहिलें; मिळेल तें तेल ओतावयाचें ठिकाण हें नव्हे. थेंब रंगावर पडला तर रंग जातो, म्हणून भोंवतीं फडकें धरविलें. मग हवा काढण्याचा विधि: चिरंजीव आंत बसून पेडल दाबून धरणार, खालून फिटर बारीक तोटी सैल करून फसफसणारें ऑइल सोडणार, तोटी बंद झाल्यावरच पेडल सुटणार, आणि भांडें रिकामें होऊं नये म्हणून आम्हीं वरून भर घालीत राहावयाचें. दहा-बारा वेळां हें झालें, तेव्हां बुडबुडे थांबले.

गीअर पडूं लागले, पण चिरंजीवांनीं ओढलेला दुसरा दांडा आतां जागचा हलेना! फिटर हंसले. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून लांबची वाट चालतात. मातींत तीं थोडीं घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तें साधत नाहीं, पीळ आंतल्या दंडांत साठतो आणि दांडा चिमट्यांत धरला जातो. तेथें हातोडी नको. गाडी सरळ रेषेंत दहा फूट मागें घेतली, आणि दांडा 'टक्' करून आपोआप सुटला.

पैसे त्यांनीं घेतले नाहींत. बाटलीचे तेवढे टेंपोवाल्यास दिले. आत्याबाईंनीं वाटेसाठीं बांधलेल्या तिळाच्या वड्यांचा डबाच त्यांच्या हातांत ठेवला. "गळती थांबलेली नाहीं, फक्त भरपाई झाली आहे," त्यांनीं बजावलें. "दुसऱ्या गीअरांत उतरा. माझेरीस थांबून टोपण उघडून बघा. महाडास ती रबरी कडी आणि टोपी मिळेल. बदलल्यावांचून परत हा घाट चढूं नका."

माझेरीस ऑइल नखभरच उतरलेलें होतें. बारसगावाहून आंत वळून शिवथरला पोंचलों तेव्हां दिवे लागले होते. मठांत उतरलों. १९३० सालीं धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ही जागा शोधून काढली. पावसाळ्यांत घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. पौषांत त्याची बारीक धार राहिलेली. सकाळीं आत्याबाई एकेक पायरी मोजीत चढल्या, आणि समर्थ व कल्याण यांच्या मूर्तींसमोर, गार दगडावर, बसल्या. समास त्यांनीं वाचला नाहीं. अंधारांत अक्षर लागेना, म्हणून पोथी मिटून पाठच म्हटला.

महाडास ती दुरुस्ती दुपारच्या जेवणाच्या आंत झाली. खर्च हजाराच्याही आंत. परततांना घाट चढूं लागलों, आणि तिसऱ्यावरून दुसरा एका बोटानें पडला. मागच्या बाकावरून आत्याबाईंनीं विचारलें, "मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे कोणत्या वारीं जायचें म्हणालास?"