पोचा आलेला तांब्या

आमच्या बाथरूममधल्या स्टीलच्या तांब्याला काठाशी एक पोचा आहे. कधीतरी नळावर आपटला असणार. आठ आठवडे श्टुटगार्टला राहून पहाटे पुण्यात पोचले, बॅगा दारातच टाकल्या आणि आधी अंघोळीला गेले. बादलीत हात घालून पाणी ढवळलं, तांब्या उचलला, तर अंगठा बरोबर त्या पोच्यात जाऊन बसला. डोळे मिटलेलेच होते. पहिला तांब्या पायांवर, दुसरा खांद्यावर, डोक्यावर मात्र शेवटी, हे लहानपणी आईने लावलेलं वळण. बादली संपेपर्यंत डोळे उघडायची गरजच पडली नाही.

तिकडे नळाला एक दांडी होती. केसभर डावीकडे सरकवली की पाठ भाजायची, केसभर उजवीकडे की दातखीळ. तक्रार करावी असं एरवी काही नव्हतं. आठ आठवड्यांत वीज एकदाही गेली नाही, गरम पाणी चोवीस तास. श्टुटगार्ट हे डोंगरांच्या वाटीत वसलेलं मोटारींचं शहर. मुंबईशी त्याचं 1968 पासून भगिनीनातं आहे, आणि पुण्यातल्या गाड्यांच्या धंद्यातल्यांना तर ते पिंपरी-चिंचवडइतकंच तोंडपाठ. ऑफिसने राहायला दिलेली जागा छान होती. फक्त तिथली प्रत्येक वस्तू आधी शिकावी लागायची. हीटरच्या चकतीवर एक ते पाच आकडे. मी पाचावर ठेवून रात्रभर उकडून निघाले, मग कुणीतरी सांगितलं की तीन म्हणजे साधारण वीस अंश. भिंतीतल्या प्लगला बटणच नाही. पिन खोचली की वीज सुरू. पहिल्या दिवशी मी चहाच्या किटलीसाठी भिंतभर बटण शोधत होते. आणि दूध म्हणून आणलेला पुडा फोडला तर आत ताक! त्याची कढी केली. अंगाला लागलेली ती तिकडची पहिली गोष्ट.

एका सकाळी माझ्या दारावर एक पाटी लटकलेली दिसली. शेजारच्या आजींनी खुणांनी समजावलं, या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी. त्या भागातली ही जुनी रीत आहे, ‘केरवोखऽ’. वोखऽ म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे... केरच! भाषाशास्त्रज्ञ काही म्हणोत, त्या परक्या जिन्यावर झाडू हातात घेऊन मी एकटीच हसत होते. झाडून झाल्यावर पाटी पुढच्या दारावर अडकवली. जरा वाईटच वाटलं.

आईचा फोन रोज आमच्याकडच्या साडेदहाला यायचा. माझ्याकडे तेव्हा सात वाजलेले असत. साडेतीन तासांचं हे गणित तिने मोठ्या मिनतवारीने पाठ केलं होतं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला आणि तिकडे घड्याळं एक तास मागे गेली. सोमवारी फोन वाजला तेव्हा सहाच वाजले होते, बाहेर मिट्ट काळोख.

“अगं, अजून झोपलीयस?”

मी सगळं समजावलं. थोडा वेळ ती गप्प होती.

“सगळ्यांनी मिळून घड्याळं मागे केली? आणि कोणी काही म्हणालं नाही?”

डिसेंबर लागल्यावर साडेचारला सूर्य मावळायचा. रविवारी दुकानं बंद. शांतता इतकी की फ्रिजचा आवाज मोजता यावा. आता इथे माझ्या खोलीत पंखा कुरकुरतोय, खाली घंटागाडीचं गाणं लागलंय, वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडतंय आणि कुकरची तिसरी शिट्टी होते आहे. (परदेशातून परतलेल्याने वरणभातावर लिहायचं असतं. तूप-लिंबासकट ते इतक्या जणांनी लिहिलंय, की मी नुसती जेवले.)

डास आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून मग ओढावी लागते. पण ती कशी उचलायची हे माझ्या मनगटाला माहीत आहे. तिकडे दिवसभर मी वाचत होते: पाट्या, पुडे, बटणं, माणसांचे चेहरे. ऑफिसचं काम त्यामानाने सोपं होतं. घरी आल्यावर जो थकवा गेला तो त्या वाचण्याचा होता, हे मला त्या बादलीपाशी कळलं. रात्री पाणी प्यायला उठते, दिवा लावत नाही. सात पावलं, डावीकडे वळायचं, माठावरचं फुलपात्र.

इथलं सगळं हातापायांना पाठ आहे, निदान मला तसं वाटत होतं. परवा रात्री फोन चार्ज झाला, मी भिंतीतली पिन उपसली, वायर गुंडाळली आणि वळले. आई पलंगावरून बघत होती.

“अगं, पिन काय उपसतेस? बटण आहे ना त्याला!”