कोरी गावं

मी वडशाचा. पुण्यात कोणी जिल्हा विचारला आणि गडचिरोली म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: नक्षलवादी पाहिलेत का? वडशाला रेल्वे आहे, राइस मिल आहेत. नक्षलवादी आम्हीही पेपरातच वाचले. भामरागडचा माणूसही याच जिल्ह्याचा, पण त्याचं उत्तर वेगळं येईल. १९८२ पर्यंत तर चंद्रपूर-गडचिरोली मिळून जिल्हा एकच होता.

हिंसा मोजायला जिल्हा हे मापच चुकीचं. २००९ साल घ्या. फेब्रुवारीत मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६. दोन्ही जागा धानोरा तालुक्यातल्या. ऑक्टोबरात भामरागडच्या लाहेरीजवळ १७. आणि त्याच वर्षी, त्याच धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गरिबी आणि जंगल ही पाठ झालेली कारणं इथे पुरी पडत नाहीत.

इथे घडलं तो नरसंहार नव्हे. तो शब्द जपूनच वापरावा. पण नरसंहारही सगळीकडे सारखा पेटत नाही. १९९४ साली रवांडात कत्तल सुरू झाली, तेव्हा बुतारे प्रांत जवळजवळ दोन आठवडे बराचसा शांत राहिला. तिथला प्रशासक बधला नव्हता. त्याला हटवलं, मग तिथेही माणसं कापली गेली.

मला अस्वस्थ करतो तो मात्र राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कालिव्हास. ग्रीसमधल्या यादवीचा त्याने गावागणिक हिशेब मांडला. एका बाजूची पकड पूर्ण असली की वेचून मारण्याची गरज उरत नाही. दोघांचं बळ सारखं असलं की चुगली करायला कोणी धजत नाही. मुडदे पडतात ते एका बाजूची पकड जास्त, पण अपुरी असलेल्या गावांत. पोलिसांचा खबरी म्हणून रात्री घरातून नेलेली आपल्याकडची माणसं आठवा. म्हणजे हिंसेच्या नकाशावरचं कोरं गाव सुखीच असेल असं नाही. कुठे मेंढा-लेखासारखी ग्रामसभा ठाम उभी असेल, कुठे तोंड उघडायचीच सोय नसेल. आकडा दोन्हीकडे शून्य!

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आता गावात जाऊन विचारता येईल. गोंडवाना विद्यापीठाने चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची गावनिहाय यादी करायला घ्यावी: कोण मेलं, कोणी मारलं. आणि जिथे कोणीच मेलं नाही ती गावंही त्या यादीत हवीत. नाहीतर तुलना कशाशी करणार?